फळीवर पडून असलेल्या मालाबद्दल: कोकणातील लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सन्माननीय खासदार, आमदार आणि दोन्ही जिल्ह्यांचे पालकमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मुंबई-गोवा महामार्गावर लांजा येथे गेली २७ वर्षे मी चारचाकी गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवतो. दुकान दहा बाय अठरा फुटांचे आहे, हाताखाली एक मुलगा आहे आणि मालात गुंतलेली रक्कम बहुतांशी घरची आहे. पाली, साखरपा, राजापूर, खारेपाटण, कणकवली अशा प्रत्येक बाजारपेठेत माझ्यासारखी दोन-चार दुकाने आपणांस दिसतील. ऑनलाइन विक्रीमुळे या दुकानांवर जी वेळ आली आहे, तिचा प्रश्न केवळ आमच्या पोटापाण्याचा असता, तर मी तो व्यापारी संघाच्या बैठकीत मांडून गप्प बसलो असतो. परंतु आमच्या फळीवरचा माल कमी झाला, की त्याची झळ या भागात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला बसणार आहे, आणि ती सर्वांत आधी भर पावसात बसणार आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

आमच्या धंद्याचे गणित बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते, म्हणून ते आधी सांगतो. दुकानात दोन तऱ्हेचा माल असतो. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, वायपर, बल्ब, नेहमीच्या गाड्यांचे ब्रेक पॅड हा रोज फिरणारा माल. त्यावर सुटते थोडे, पण ते आठवड्याच्या आठवड्याला सुटते. दुसरा माल पडून राहणारा. जुन्या जीपचा व्हील सिलिंडर, उत्पादन बंद झालेल्या गाडीचा वॉटर पंप, क्लचचे रिलीज बेअरिंग, डाव्या बाजूचा लोअर आर्म, अशा वस्तू वर्षाकाठी एखादी जाते, कधी दोन-दोन वर्षे हलत नाही, परंतु ज्या दिवशी लागते त्या दिवशी तीच लागते आणि तिच्यावाचून गाडी जागची हलत नाही. फिरणाऱ्या मालाच्या पैशावर आम्ही हा पडून राहणारा माल सांभाळतो. ऑनलाइन विक्रीने आमच्याकडून नेमका फिरणारा माल उचलला आहे. ऑइल आणि फिल्टर गिऱ्हाईक मोबाइलवरून मागवते, आणि गाडी घाटात बंद पडली की वॉटर पंपासाठी आमच्याकडे येते. त्यात गिऱ्हाइकाचा दोष आहे असे मी मुळीच मानत नाही. चार पैसे वाचत असतील तर कोणीही वाचवील. पण फिरणारा माल गेल्यावर पडून राहणारा माल भरायला पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर माझ्याकडे नाही. गेल्या तीन वर्षांत मी असा माल जवळजवळ निम्म्याने कमी केला आहे, आणि आसपासच्या दुकानदारांची स्थिती याहून वेगळी नाही.

पडून राहणाऱ्या मालाची किंमत काय असते, ते एका प्रसंगावरून आपल्या ध्यानात येईल. दोन वर्षांपूर्वी गणेशचतुर्थीच्या आदल्या रात्री अकराच्या सुमारास आंजणारी घाटातून एका मेस्त्रींचा फोन आला. मुंबईहून देवगडकडे निघालेल्या चाकरमान्यांची गाडी तापून बंद पडली होती; वॉटर पंपाचे बेअरिंग जाम होऊन पट्टा तुटला होता. गाडीत दोन वृद्ध माणसे होती, लहान मूल होते आणि मागच्या सीटवर कापडात गुंडाळलेली गणपतीची मूर्ती होती. ते मॉडेल बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. मी दुकान उघडले, शिडी लावली आणि सर्वांत वरच्या फळीवरून पंपाचा खोका काढला. त्यावरची छपाई उडून गेली होती. खरेदीचे बिल चार वर्षांपूर्वीचे होते. आतले कागदी पॅकिंग सुकून त्याचे तुकडे झाले होते. तेव्हा मेस्त्रींनी माझ्या काउंटरवर पॅकिंगचा नवा कागद पसरला, त्यावर पंप धरला आणि हातोडीने कडेकडेने हलके ठोकत आकार उमटवून घेतला. बोल्टच्या भोकांवर बेअरिंगची गोळी ठेवून एकेक टोला दिला, उरलेले कात्रीने कापले, आणि पंप, पॅकिंग, पट्टा व कूलंट घेऊन ते पावसातच घाटात परत गेले. दोनच्या पुढे गाडी मार्गस्थ झाली. पंपाचे मी छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेतले नाहीत. तो पंप त्या रात्री माझ्या फळीवर नसता, तर ते कुटुंब सणाच्या दिवशी घाटातच अडकून पडले असते, कारण ऑनलाइन मागवलेला पार्ट आमच्या तालुक्याच्या गावी यायला चार दिवस लागतात आणि वाड्यावस्त्यांवर तर तो कित्येकदा पोहोचतच नाही. आता मात्र त्या गाडीचा पंप माझ्याकडे नाही. एकदा गेल्यावर तो पुन्हा भरण्याचे धाडस मला झाले नाही.

आता किमतीविषयी. मागील वर्षी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने मला मोबाइलवर ब्रेक पॅडच्या एका संचाची किंमत दाखवली. त्या संचाची छापील किंमत १,८५० रुपये होती, मला तो वितरकाकडून १,४२० रुपयांना पडत होता, आणि ऑनलाइन तो घरपोच १,२९० रुपयांना मिळत होता. माझ्या खरेदीपेक्षा कमी भावात तोच माल कसा विकला जातो, हे मी वितरकाला विचारले, तेव्हा त्यालाही सांगता आले नाही. गिऱ्हाइकाने तो संच मागवला. साधारण अडीच महिन्यांनी ब्रेक लावला की करकर येऊ लागली, तेव्हा तो पॅड काढून माझ्याकडे घेऊन आला. मी माझ्याकडचा संच फोडून दोन्ही शेजारी ठेवले. खोका हुबेहूब होता, होलोग्रामही होता. परंतु माझ्याकडच्या पॅडच्या लोखंडी पाठीवर बॅचचा क्रमांक ठोकलेला होता, त्याच्याकडच्या पाठीवर नुसता काळा रंग होता. माझ्या पॅडच्या कडा तिरप्या घासलेल्या होत्या, त्याच्या सरळ कापलेल्या होत्या. आणि एका कोपऱ्यात लायनिंग पाठीपासून सुटून इतके वर आले होते, की त्या फटीत मी ब्लेडचे पाते सरकवू शकलो. त्याच पॅडवर तो गृहस्थ कुटुंबासह आंबा घाट दोनदा उतरला होता. माल परत करण्याची मुदत कधीच टळली होती. विक्रेत्याच्या नावापुढे दुसऱ्या राज्यातला एक अपुरा पत्ता होता आणि दिलेला फोन कोणी उचलत नव्हते. ऑनलाइन मिळणारा सगळाच माल नकली असतो असे मी म्हणणार नाही, तसे म्हणणे खोटे ठरेल. पण मी असा पॅड विकला असता, तर ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे राहिले असते आणि बाजारपेठेत मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. सचोटीची ही हमी अंतरावरच्या विक्रेत्याकडून घ्यायची, तर कायद्याची अंमलबजावणी कडक हवी.

आणि कायदा आहे. माझे आपल्याकडे मुख्य मागणे हेच आहे, की नवे काही करण्याआधी जे कागदावर आहे ते पाळले जाते का, हे आपण पाहावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि मालाचा मूळ देश ग्राहकाला दिसला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत मिळाली पाहिजे आणि तिचा निपटारा महिनाभरात झाला पाहिजे. परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांसाठी केंद्र सरकारने २६ डिसेंबर २०१८ रोजी जाहीर केलेल्या आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या अटी तर याहून स्पष्ट आहेत. अशा कंपनीने स्वतःचा माल विकू नये, किमतींवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, आणि एखाद्या विक्रेत्याच्या खरेदीपैकी २५ टक्क्यांहून अधिक माल त्या कंपनीकडून किंवा तिच्या समूहातून आलेला असेल, तर तो साठा कंपनीच्याच ताब्यातला समजावा, असे त्यात म्हटले आहे. मग वितरकाच्या भावाखाली माल विकण्याचा तोटा नेमका कोण सोसते आणि कशासाठी, हा प्रश्न संसदेत विचारण्याचा अधिकार खासदार महोदयांना आहे; तो आम्हाला नाही. तो त्यांनी सुट्या भागांचे नाव घेऊन विचारावा. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांच्या पार्टांवर माणसाचा जीव अवलंबून असतो, तेव्हा निदान या वस्तूंच्या बाबतीत विक्रेत्याकडे उत्पादकाच्या वितरकाचे खरेदीबिल आहे याची खातरजमा केल्याशिवाय त्या ऑनलाइन मांडू देऊ नयेत.

व्यापारी मंडळींकडून एक मुद्दा नेहमी मांडला जातो, की ऑनलाइन खरेदीमुळे आपल्या राज्याचा कर बाहेर जातो. तो मी मांडणार नाही, कारण तो बरोबर नाही. वस्तू आणि सेवा कर जिथे माल वापरला जातो त्या राज्याला मिळतो, आणि लांज्यातल्या गिऱ्हाइकाने दिल्लीहून मागवलेल्या फिल्टरवरचा राज्याचा वाटा महाराष्ट्रातच येतो. बाहेर जातो तो दुकानाचा नफा, कामावरच्या मुलाचा पगार, गाळ्याचे भाडे आणि गावच्या उत्सवाची वर्गणी.

कराच्या बाबतीत आमची अडचण निराळी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के कर झाला, त्याआधी बऱ्याच पार्टांवर तो २८ टक्के होता. निर्णय चांगला आहे, गिऱ्हाइकाच्या हिताचा आहे. परंतु जे लहान दुकानदार कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याच्या सोप्या योजनेत आहेत, त्यांना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यांनी २८ टक्के भरून फळीवर ठेवलेला माल एका रात्रीत महाग ठरला, आणि तो नव्या भावात विकताना फरक त्यांच्या खिशातून गेला. ज्याचा माल पंधरा दिवसांत फिरतो त्याला हा फरक जाणवलाही नसेल; ज्याचा माल तीन वर्षे पडून असतो त्याला तो पुरेपूर जाणवला. पुढे कधी असा बदल होईल तेव्हा शिल्लक मालासाठी काही तरतूद असावी, एवढे आपण वस्तू आणि सेवा कर परिषदेत राज्याची बाजू मांडणाऱ्या मंत्रिमहोदयांच्या कानावर घालावे.

स्पर्धा केवळ ऑनलाइन विक्रेत्यांशी नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मोटार कंपन्या आपले काही पार्ट अधिकृत सर्व्हिस सेंटरबाहेर सहजासहजी मिळू देत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, आणि सुटे भाग व दुरुस्तीची साधने स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करून देण्यास सांगितले होते. पुढे त्यावर अपिले झाली, कोर्टकचेरी झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. इथल्या काउंटरवर मात्र अजून असे घडते, की एकाच मॉडेलच्या बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे जुने आणि नवे निकष) गाड्यांचे सेन्सर दिसायला सारखे आणि नंबर निराळे; चॅसी नंबरावरून नेमका पार्ट ठरवायचा तर कंपनीचा कॅटलॉग पाहिजे, आणि तो मला उघडता येत नाही. मग मी कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला फोन करतो, तो कोणा ओळखीच्याला करतो, आणि एका पार्टासाठी अर्धा दिवस जातो. हा कॅटलॉग वाजवी शुल्क घेऊन नोंदणीकृत दुकानांना खुला झाला, तर आमचे निम्मे हाल संपतील.

किनाऱ्यावरच्या गाड्यांची जातकुळीच वेगळी आहे. मिरकरवाडा, साखरी नाटे, हर्णै इथून मासळी भरून निघणाऱ्या टेम्पोंतून वाटभर खारे पाणी गळत असते, आणि त्याने ब्रेकचे लोखंडी पाइप बाहेरून खाल्ले जातात. चिरेखाणीवरच्या गाड्यांच्या बेअरिंगमध्ये तांबडी धूळ शिरते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, त्यात घाटरस्ते. कोणत्या टेम्पोचे कोणते रबरी बूट मे महिना संपण्याआधी बदलले पाहिजे, हे आम्ही मालकाला बोलावून सांगतो. गॅरेजचा मुलगा वर्तमानपत्रात गुंडाळून अल्टरनेटरचे जुने बेअरिंग आणतो. त्यावरचा नंबर झिजून गेलेला असतो. व्हर्नियर लावून आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिलिमीटर भरली, की ते ६२०३ नंबरचे बेअरिंग हे ओळखून आम्ही लगेच काढून देतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीच्या टेम्पोवाल्यांकडे पैसा नसतो, आणि नेमकी तेव्हाच ते गाडीचे काम काढतात. ती उधारी आमच्या वहीत नारळी पौर्णिमेनंतरपर्यंत राहते. आंबेवाल्यांचे खाते हंगामावर चालते. या वहीला तारण नाही, व्याज नाही, आणि माझ्या अनुभवात ती फारशी बुडालेलीही नाही.

महामार्गाच्या खड्ड्यांमुळे तुमचा धंदा जोरात चालत असेल, असे काही जण आम्हाला म्हणतात. या रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, तेव्हापासून सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड आम्ही पुष्कळ विकले, हे खरे आहे. तसला धंदा आम्हाला नको आहे. रस्ता चांगला व्हावा हीच आमची इच्छा आहे.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमधील दुकानदार बांधवांचे जे झाले, ते मी चार दिवसांनी तिथे जाऊन पाहिले. माझ्या परिचयाच्या एका दुकानात फिल्टरचे खोके लगदा होऊन फळ्यांना चिकटले होते, बेअरिंगवर गंज धरला होता, आणि वह्यांमधली शाई वाहून गेली होती. शहरात शेकडो गाड्या पाण्याखाली राहिलेल्या होत्या. प्रत्येक गाडीला ऑइल, फिल्टर, स्टार्टर, व्हील बेअरिंग लागत होते. त्या वेळी लांजा, संगमेश्वर, रत्नागिरीच्या दुकानांतून जो माल निघाला, तो खासगी बस आणि टेम्पोतून पोहोचवला गेला. हा साठा कोणा सरकारी गोदामात नव्हता, आमच्यासारख्यांच्या फळ्यांवर होता. म्हणून माझी विनंती आहे, की पूरप्रवण बाजारपेठांतील दुकानांच्या मालासाठी परवडणारा विमा मिळावा आणि त्याचे दावे वेळेत निकाली निघावेत, यासाठी आपण पुढाकार घ्यावा. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून अग्रक्रम क्षेत्रातील, म्हणजे बँकांनी प्राधान्याने द्यावयाच्या, कर्जासाठी पात्र धरले जाते. तरीही शाखेत गेल्यावर पडून राहणाऱ्या मालावर खेळते भांडवल देताना अधिकारी हात आखडता घेतात. जिल्हास्तरीय बँक समितीच्या बैठकीत हा विषय एकदा तरी घ्यावा.

सरकारी गाड्यांबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, नगरपंचायतीची घंटागाडी, पंचायत समितीची जीप बंद पडली, की पार्ट आमच्याकडूनच जातो, कारण तो तातडीने लागतो. बिल मात्र मार्चअखेरपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, लटकते. एका कार्यालयाकडचे माझे १४ हजार रुपये अकरा महिन्यांनी आले. रुग्णवाहिकेला पार्ट द्यायला आम्ही कधी नकार दिलेला नाही आणि पुढेही देणार नाही, परंतु ४५ दिवसांत बिल देण्याचा दंडक आपण जिल्हा परिषदेला घालून द्यावा.

आमच्या बाजूनेही काही गोष्टी सुधारल्या पाहिजेत, हे मला मान्य आहे. काही दुकानांत पक्के बिल मागितले की कपाळाला आठी पडते, काही ठिकाणी लोकल माल कंपनीचा म्हणून खपवला जातो, आणि त्यामुळे आम्हा सर्वांवरचा विश्वास उडतो. लांजा आणि राजापूर तालुक्यांतील आम्ही नऊ दुकानदारांनी आपसात ठरवले आहे, की प्रत्येक विक्रीचे बिल द्यायचे, पार्ट ओरिजिनल की लोकल हे बिलावर लिहायचे, आणि पडून राहणाऱ्या मालाची एकत्र यादी करायची, म्हणजे एकाकडे नसलेला पंप दुसऱ्याकडून तासाभरात आणता येईल. यादीचे काम वहीत सुरू झाले आहे. ती मोबाइलवर यावी आणि ओएनडीसीसारख्या, सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या खुल्या जाळ्यावर ग्राहकालाही दिसावी, यासाठी जिल्हा उद्योग केंद्राने एक माहितगार माणूस दोन महिने द्यावा, एवढीच मदत हवी आहे. ऑनलाइन विक्री बंद करा, असे आम्ही कुठेही म्हटलेले नाही.

येत्या पावसाळ्याआधी, मे महिन्याच्या कोणत्याही आठवड्यात, आपण किंवा आपल्या कार्यालयातील जबाबदार व्यक्तीने लांज्याला यावे, ही विनंती. त्या दिवशी आम्ही नऊही जण खरेदीची बिले, उधारीच्या वह्या आणि वर उल्लेखिलेला तो ब्रेक पॅड घेऊन हजर राहू. पॅड मी कागदात गुंडाळून काउंटरच्या खणात ठेवला आहे. लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
सुट्या भागांचा एक विक्रेता,
लांजा, जि. रत्नागिरी